दुवा पाठविण्याची रीत

पाकिटावर पत्ता कसा लिहावा, हे पूर्वी शाळेत शिकवीत असत. आधी नाव, मग घर, गल्ली, गाव, तालुका आणि जिल्हा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी त्यात सहा आकड्यांच्या पिनकोडची भर पडली. ही योजना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतचे कवीही होते. पहिला आकडा विभागाचा (महाराष्ट्र-गोव्याकडे ४), पहिले तीन मिळून टपाल वर्गीकरणाचा जिल्हा आणि शेवटचे तीन वाटप करणाऱ्या कचेरीचे. एकाच नावाची पाच गावे असली तरी पत्र चुकू नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. कवीला शब्दांची काटकसर ठाऊक असते. तीच त्यांनी आकड्यांत आणली, असे म्हणावयास हरकत नाही.

आज आपण पत्रे फारशी लिहीत नाही, पण पत्ते मात्र पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक पाठवितो. कार्यालयातील संदेशगटात परिपत्रक, तक्ता, बातमी किंवा चित्रफीत पाठवावयाची म्हणजे तिचा पत्ता, अर्थात लिंक, पाठवावयाची. मराठीत तिला ‘दुवा’ हा सुंदर शब्द आहे. पाकिटावरील पत्ता शिकविणारे गुरुजी होते. हा दुवा कसा पाठवावा, हे मात्र कोणी कोणाला शिकवीत नाही. म्हणून हा लेख. आपल्यापैकी बहुतेकांना पदवीनंतर कोठल्या ना कोठल्या कार्यालयात जावयाचे आहे, तेव्हा हा विषय अगदीच परका वाटू नये.

स्लॅक हे साधन २०१४ साली सर्वांसाठी खुले झाले, मायक्रोसॉफ्ट टीम्स २०१७ साली आले. आणि व्हॉट्सॲपचे गट तर महाविद्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत सगळीकडे आहेत. या गटांचे स्वरूप वाहत्या पाण्यासारखे असते. सकाळचा संदेश दुपारी दिसेनासा होतो. अशा प्रवाहात कोणी नुसते ‘हे बघा’ असे लिहून खाली चार ओळींचा अगम्य दुवा डकवितो. वाचणाऱ्याने काय समजावे? ते आजच पाहावयाचे की सवडीने? माहितीसाठी आहे की त्यावर काही करावयाचे आहे? दुवा उघडल्यावाचून यातले काहीच कळत नाही. गटात चाळीस माणसे असतील, तर जे काम पाठविणाऱ्याने एकदा अर्ध्या मिनिटात करावयाचे, ते चाळीस जणांना करावे लागते. शिवाय तीन महिन्यांनी तोच कागद शोधावयाचा झाला तर ‘हे बघा’ या शब्दांवरून तो सापडणार कसा? शोधयंत्र शब्दांवर चालते. शब्दच नसतील तर ते तरी काय करील!

दुवा नीट करावयाचा तर आधी त्याची रचना समजावून घेतली पाहिजे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत असताना १९८९ साली विश्वजालाची कल्पना मांडली आणि १९९४ साली या पत्त्यांच्या लेखनाचे नियम प्रसिद्ध झाले. त्यात पहिला भाग ‘एचटीटीपीएस’, म्हणजे कोणत्या पद्धतीने जावयाचे ते. त्यानंतर अपूर्णविराम आणि दोन तिरक्या रेघा. (या दोन रेघांची खरे म्हणजे गरज नव्हती, असे बर्नर्स-ली यांनीच पुढे २००९ साली सांगून टाकले!) मग येते संकेतस्थळाचे नाव. ते पाकिटावरील पत्त्यासारखे लहानाकडून मोठ्याकडे जाते. आधी घर, शेवटी जिल्हा. त्यानंतरच्या तिरक्या रेघेपासून मात्र क्रम उलटा होतो: आधी दालन, मग कपाट, मग कागद. पुढे प्रश्नचिन्ह आले तर त्यानंतर त्या स्थळाला द्यावयाच्या सूचना असतात. आणि # हे चिन्ह आले तर त्याच्या पुढचा भाग आपल्याला त्या पानावरील नेमक्या परिच्छेदाशी नेऊन पोचवितो.

लांबी वाढते ती बहुतेक वेळा प्रश्नचिन्हाच्या पुढे. तेथे ‘यूटीएम’ या अक्षरांनी सुरू होणारे तुकडे आपण पाहिले असतील. अर्चिन नावाच्या कंपनीने वाचक कोठून आला हे मोजण्यासाठी ही खूण काढली. ती कंपनी गूगलने २००५ साली विकत घेतली. या तुकड्यांचा उपयोग जाहिरातदाराला, वाचणाऱ्याला नाही. ते खुशाल खोडावेत. पान तेच उघडते. ॲमेझॉनवरील एखाद्या पुस्तकाचा दुवा तीन ओळींचा असतो, पण त्यातील ‘डीपी’ नंतरचा दहा अक्षरांचा सांकेतिक क्रमांक तेवढा ठेवून पुढची शेपटी तोडली तरी पुस्तक तेच मिळते.

मात्र येथे सरसकट कात्री चालविणे धोक्याचे. यूट्यूबच्या नेहमीच्या दुव्यात प्रश्नचिन्हापुढे ‘व्ही’ आणि बरोबरीचे चिन्ह असते. त्यानंतरची अक्षरे म्हणजेच चित्रफितीची ओळख. ती तोडली तर मागे काहीच उरत नाही. ‘टी’ असेल तर ती वेळेची खूण होय. दीड तासाच्या व्याख्यानातील नेमके बाविसावे मिनिट दाखवावयाचे असेल तर ती खूण ठेवणे हेच सौजन्य. तेव्हा नियम असा: छाटावे, छाटलेला दुवा स्वतः उघडून पाहावा आणि मगच पाठवावा.

मराठी माणसाच्या वाट्याला यात एक वेगळीच अडचण येते. जुन्या नियमांप्रमाणे दुव्यात रोमन लिपीची अक्षरे, आकडे आणि काही चिन्हेच चालतात. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह संगणक यूटीएफ-८ या पद्धतीने तीन बाइटांत साठवितो आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याचे चिन्ह व दोन रोमन अक्षरे वा आकडे यांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाची नऊ चिन्हे झाली. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा चिन्हे आहेत. त्यांची दुव्यात नव्वद होतात. मराठी विकिपीडियावरील लेखाचा दुवा नकलून डकविला की % चिन्हांचा जो पाऊस पडतो तो यामुळे. लेखाचे शीर्षक जितके शुद्ध मराठी, तितका दुवा दुर्बोध! २०१४ साली ‘.भारत’ हे देवनागरी नावे घेऊ देणारे क्षेत्र सुरू झाले, तरी दुव्याच्या पुढच्या भागाचे हे दुखणे राहिलेच. विकिपीडियाच्या दुव्यांसाठी विकिमीडियाने २०१९ साली स्वतःची लघुदुव्याची सोय केली आहे; ती जरूर वापरावी. पण खरा उपाय दुवा शब्दांमागे ठेवणे, हा होय.

स्लॅकमध्ये आधी वाक्य लिहावे, त्यातील योग्य शब्द निवडावेत आणि नकललेला दुवा त्यांवर डकवावा. शब्द तसेच राहतात आणि दुवा त्यांच्या पोटात जातो. टीम्समध्ये शब्द निवडून दुव्याची खूण दाबली की तेच साधते. व्हॉट्सॲपवर ही सोय नाही. तेथे आधी एका ओळीत काय आहे ते सांगावे आणि दुवा खाली स्वतंत्र ओळीवर, पूर्णविराम न चिकटविता ठेवावा. ‘हे बघा’ ऐवजी ‘शिष्यवृत्तीचे नवे परिपत्रक, तिसऱ्या पानावरील कागदपत्रांची यादी शुक्रवारपर्यंत तपासावी’ असे लिहिले की काय आहे, कोठे पाहावयाचे आणि केव्हापर्यंत, हे तिन्ही प्रश्न दुवा न उघडताच सुटतात.

‘येथे क्लिक करा’ या शब्दांवर दुवा बांधण्याची सवयही सोडावी. माझे एक सहकारी दृष्टिहीन आहेत. ते एनव्हीडीए नावाच्या मोफत वाचक-कार्यक्रमाच्या आधाराने काम करतात. पानावरील सर्व दुव्यांची यादी तो कार्यक्रम त्यांना वाचून दाखवू शकतो. त्या यादीत ‘येथे, येथे, येथे’ असे सात वेळा ऐकू आले तर त्यांनी कोणता उघडावा? आणि उघडा दुवा आला तर यंत्र त्यातील अक्षरे, आकडे, टक्के एकामागून एक म्हणत सुटते. २००८ सालच्या आंतरराष्ट्रीय सुगमता-नियमांतही दुव्याचा उद्देश शब्दांवरून वा संदर्भावरून कळावा, असे म्हटले आहे. डोळसांना जी केवळ नीटनेटकेपणाची बाब वाटते, तीवर दुसऱ्या कोणाचे संबंध काम अवलंबून असते, हे मला त्यांच्या शेजारी बसून उमगले.

लांब दुवा आखूड करून देणाऱ्या सेवांविषयीही सांगितले पाहिजे. टायनीयूआरएल २००२ साली आली, बिटली २००८ साली, गूगलची स्वतःची सेवा २००९ साली. ट्विटरवर १४० अक्षरांची मर्यादा होती, तेव्हा त्या फार कामी आल्या. पण आखूड दुवा हा बंद पाकिटासारखा असतो. आत काय आहे ते वरून दिसत नाही. शिवाय मध्यस्थ उठून गेला तर वाट तुटते. गूगलने २०१९ साली नवे लघुदुवे देणे बंद केले आणि २०२५ साली वापरात नसलेले जुने दुवेही मोडीत काढले. कोणत्याही कागदात छापलेला असा दुवा आता कदाचित कोठेच पोचत नसेल. छापील सूचनेवर हाताने टिपून घ्यावयाचा असेल तेथे आखूड दुवा ठीक. कार्यालयीन संदेशात त्याची गरज नाही.

शब्दांमागे दुवा ठेवण्यात एक जोखीम आहे, ती लपविणे बरे नव्हे. वर लिहिले आहे बँकेचे नाव आणि पोटात भलताच पत्ता, हा फसवणुकीचा रुळलेला मार्ग आहे. म्हणून वाचणाऱ्याने संगणकावर बाण दुव्यावर नेऊन, फोनवर दुवा दाबून धरून, खरा पत्ता पाहावा आणि संकेतस्थळाचे नाव पहिल्या एकेरी तिरक्या रेघेपासून मागे, उजवीकडून डावीकडे वाचावे. जिल्हा शेवटी असतो, हे वर सांगितलेच आहे. सुरुवातीला बँकेचे नाव असले आणि शेवटी अनोळखी मालक असला, तर ते घर बँकेचे नव्हे. पाठविणाऱ्यानेही शब्द आणि दुवा यांत अंतर पडू देऊ नये.

आणखी एक गोष्ट सर्वात जास्त नडते: परवानगी. सामायिक कागदाचा दुवा पाठविणाऱ्याला उघडतो, कारण कागद त्याचाच असतो. इतरांसमोर मात्र ‘परवानगी मागा’ अशी पाटी येते. अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत, आणि परवानगी देणारा दहालाच झोपलेला! अशा वेळी विद्यार्थ्याची शिष्यवृत्तीही हुकू शकते. म्हणून दुवा एकदा खाजगी खिडकीत, स्वतःची ओळख न देता, उघडून पाहावा. उलट, ज्याच्या हाती दुवा त्याला प्रवेश, अशी सोय केलेला कागद मोठ्या गटात टाकताना त्यात कोणाचे खाजगी तपशील नाहीत ना, हेही पाहावे.

एवढा सोपस्कार कशाला, असे कोणी म्हणेल. मला वाटते, पाकिटावर नीट पत्ता लिहिणारा टपालवाल्याच्या पायांचा विचार करीत असे. नीट दुवा पाठविणारा वाचणाऱ्याच्या वेळेचा विचार करतो. काम अर्ध्या मिनिटाचे आहे. आपल्या भाषेत ‘दुवा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत: एक जोडणारी कडी आणि दुसरा आशीर्वाद. पहिला नीट पाठविला, तर दुसरा मागावा लागत नाही.