ऊन साठवणारे मीठ



वैशाखातले एरंडोलचे ऊन कसे असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आणि पौषात पहाटे कोंबडीच्या पिलांना ऊब द्यायची तर दिवे जाळावे लागतात, हेही ठाऊक आहे. दिवसाचे ऊन रात्रीपुरते कोठारात भरून ठेवता आले तर? असे कोठार आहे. ते म्हणजे अंगात पाणी धरून बसणारे क्षार.

त्यांतला जुना व स्वस्त क्षार म्हणजे ग्लॉबर मीठ, अर्थात सोडियम सल्फेट. रेयॉनच्या कारखान्यात ते उपपदार्थ म्हणून निघते. त्याच्या १०० किलोंत ५६ किलो पाणीच असते, तरी खडे हाताला घट्ट लागतात. ३२.४ अंशांना ते आपल्याच पाण्यात वितळते. वितळताना किलोमागे सुमारे ६० किलोकॅलरी उष्णता पोटात घेते आणि गोठताना ती परत देते. एक किलो पाणी २५ वरून ४० अंशांवर नेले, तर त्यात फक्त १५ किलोकॅलरी साठतात. फरक चौपटीचा झाला.

मग हे घरोघर का नाही? अमेरिकेत डोव्हर गावी १९४८ साली मारिया टेल्केस या बाईंनी हे मीठ पिंपांत भरून एक घर उन्हावर गरम ठेवले. दोन हिवाळे बरे गेले. तिसऱ्या हिवाळ्यात मीठ दगा देऊ लागले.

या मिठाच्या खोडी दोन. पहिली, तळाशी बसण्याची. १०० किलोंत ४४ किलो कोरडा क्षार असतो, पण वितळताना त्यातला २८ किलोच पाण्यात मावतो. उरलेला १६ किलो गाळासारखा खाली बसतो. गोठताना त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाही. असे दर फेरीला थोडे थोडे मीठ निकामी होत जाते. दुसरी खोड, वेळेवर न गोठण्याची. पारा ३२ च्या बराच खाली गेला तरी द्रव तसाच राहतो आणि उष्णता आतच अडकते.

यावरचे उपाय ऐकले की आपला साखर कारखानाच आठवतो. पॅनमध्ये पाक कितीही दाट झाला, तरी दाणा धरायला बी सोडावे लागते ना? इथेही तसेच. शेकडा ३ या प्रमाणात टाकणखार मिसळला, की त्याच्या कणांभोवती मिठाचे खडे धरू लागतात. हा उपाय टेल्केसबाईंनीच १९५२ साली मांडला. आणि क्रिस्टलायझरमध्ये दाणा तळाशी बसू नये म्हणून आपण पंखे फिरवतो. मिठाच्या बंद डब्यात पंखा कुठला? म्हणून चिकणमाती किंवा खळीसारखा दाट पदार्थ घालून त्याची लापशी करतात. मग गाळ जागच्या जागी अडकून राहतो. उष्णता आत-बाहेर लवकर जावी म्हणून हल्ली ग्रॅफाइटही मिसळतात.

मात्र काम पाहून मीठ निवडावे. पिलांना पहिल्या आठवड्यात ३२ ते ३५ अंश ऊब लागते. तिथे ३२ अंशांचे मीठ तोकडे पडते. ५८ अंशांना वितळणारे सोडियम ॲसिटेट बरे, पण ते तापवायला नुसते ऊन पुरत नाही, सौर पाणीतापक हवा. आणि उन्हाळ्यात घर थंड राहावे म्हणून कोणी छताला ग्लॉबर मीठ सुचवले, तर रात्रीचा पारा आधी पाहा. रात्र ३२ च्या पुरेशी खाली उतरली नाही, तर मीठ गोठणार नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याचा उपयोग शून्य.

असा माल विकायला कोणी आला, तर पैसे मोजण्याआधी चार गोष्टी विचारा: किती अंशांना वितळतो? किती वेळा वितळवून-गोठवून पाहिला? त्यानंतर पहिल्याइतकीच उष्णता देतो का? डबा गंजत किंवा झिरपत तर नाही? पाणी उडाले की मिठाचा जीवच गेला समजा.

बी-बियाणे आपण उगवण पाहून घेतो. हे मीठही फेऱ्या मोजूनच घ्यावे.