एकस्वाचे उत्पन्न आणि भागधारकांची दक्षता

कंपनीचा नफा तिच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या मालावर अवलंबून असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात मात्र संशोधन हेही उत्पन्नाचे साधन ठरते. नव्या शोधाबद्दल कायद्याने ठरावीक मुदतीपुरता जो अनन्य हक्क मिळतो, त्यास एकस्व अथवा पेटंट म्हणतात. भारतात ही मुदत अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षांची आहे. एकस्वधारक इतर उत्पादकांना तो शोध वापरण्याचा परवाना देतो आणि त्याबद्दल स्वामित्वशुल्क घेतो.

वसुली थांबली तेव्हा

अमेरिकेतील सॅन डिएगो येथे १९८५ साली स्थापन झालेली क्वालकॉम ही कंपनी या व्यवहाराचे ठळक उदाहरण होय. मोबाइल फोनच्या चिप विकण्याबरोबरच ती फोन-उत्पादकांकडून एकस्वांचे शुल्कही घेते. हे शुल्क अवाजवी असल्याचे सांगून ॲपल कंपनीने जानेवारी २०१७ मध्ये तिच्यावर दावा दाखल केला. ॲपलचे फोन तयार करणारे कंत्राटी उत्पादक हे शुल्क भरीत आणि ॲपल त्यांना त्याची भरपाई करी. वाद मिटेपर्यंत ही रक्कम रोखून धरण्याचे ॲपलने ठरविताच, एप्रिल २०१७ मध्ये क्वालकॉमला चालू तिमाहीच्या महसुलाचा अंदाज ५३० ते ६१० कोटी डॉलरवरून ४८० ते ५६० कोटी डॉलरवर आणावा लागला. फोनची विक्री चालूच होती. थांबली होती ती शुल्काची वसुली.

१६ एप्रिल २०१९ रोजी तडजोड होऊन सहा वर्षांचा परवाना करार झाला. जून २०१९ अखेरच्या तिमाहीत कंपनीचा महसूल ९६० कोटी डॉलर झाला. परंतु त्यातील ४७० कोटी डॉलर या तडजोडीतून आलेले होते. तेवढी रक्कम पुढील तिमाहीत पुन्हा येणारी नव्हती.

काय विचारावे?

तिमाही निकालानंतर कंपनीचे अधिकारी दूरध्वनीवरील बैठकीत विश्लेषकांच्या प्रश्नांना उत्तरे देतात. अशा वेळी एकूण आकड्यापेक्षा त्याची फोड महत्त्वाची असते. उत्पन्न नियमित आहे की एकवेळचे? करार केव्हा संपतात? एकाच मोठ्या ग्राहकावर किती भिस्त आहे? कोणती एकस्वे मुदतबाह्य होत आहेत? या प्रश्नांच्या उत्तरांवरूनच उत्पन्नाचा टिकाऊपणा कळतो.

पूर्वी या बैठकांतील माहिती प्रामुख्याने मोठ्या गुंतवणूकदारांपर्यंतच पोहोचत असे. मुंबईत मुख्यालय असलेल्या 'सेबी'च्या नियमांनुसार, १ एप्रिल २०२२ पासून भारतातील सूचिबद्ध कंपन्यांना अशा बैठकांचे ध्वनिमुद्रण व शब्दांकन जाहीर करणे बंधनकारक झाले आहे. त्यामुळे लहान गावातील बचतदारही हे प्रश्न व त्यांची उत्तरे स्वतः पडताळून पाहू शकतो. कष्टाचा पैसा गुंतविण्यापूर्वी एवढी दक्षता घेणे प्रत्येकाच्या हिताचे आहे.