सावलीचा रंग

समुद्रकाठी भर उन्हात माणूस रंगवायचा, तर सावलीसाठी काळा रंग घ्यायची सवय आधी मोडावी लागते. पांढरा सदरा घातलेला पोरगा ओल्या वाळूवर उभा आहे. उन्हाकडचा खांदा पिवळसर झळाळतोय. दुसरी बाजू सावलीत, पण तिच्यावर आभाळ उतरलेलं. म्हणून सदऱ्याच्या चुण्या निळ्या-जांभळ्या दिसतात. शिवाय वाळूवरून परतलेला उजेड हनुवटीखाली तांबूस चढतो. एकाच अंगावर तीन ठिकाणचे उजेड, आणि ऊन तर सरकत राहतं. मग ब्रश रुंद घ्यायचा, हात भराभर चालवायचा. रंग घोटत बसायला सवड नसते.

हे काम स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या होआकीन सोरोयानं (१८६३–१९२३) मोठ्या ताकदीनं केलं. मोठाले कॅनव्हास तो थेट किनाऱ्यावर उभे करी. १९०९ च्या ‘किनाऱ्यावरचा फेरफटका’ या चित्रात त्याची बायको आणि मुलगी पांढऱ्या झग्यांत चालताहेत. त्या पांढऱ्यात निळा, जांभळा, पिवळा किती भरलाय, हे जवळून पाहावं!

सांगली जिल्ह्यातल्या कुंडलचाही चित्रकलेशी संबंध आहे, आणि तो मला फार चटका लावतो. १८८५ साली, पुढे कारखानदार झालेले लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. तिथे कळलं, आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. रंग सुटले, यंत्रांची रेखाटनं त्यांनी सोडली नाहीत. पुढे बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळ, निवडुंगानं भरलेल्या माळावर त्यांनी कारखाना हलवला. तीच किर्लोस्करवाडी.

माळ दिला औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी. कुंडल त्यांच्याच संस्थानातलं. राजेसाहेब स्वतः चित्रकार. १९३८ साली त्यांनी औंधच्या यमाईच्या डोंगरावर संग्रहालय उभारलं. तिथे रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. त्याच्या आकृत्यांवरचा उजेड बहुधा खोलीतला, एका बाजूनं आलेला, सावल्या तपकिरी. देखणं काम आहे, पण समुद्रकाठचं ऊन त्या वाटेनं हाती लागत नाही.

ते शिकायला समुद्रच हवा असंही नाही. कृष्णेकाठी औदुंबरच्या घाटावर धोतर पिळणाऱ्या माणसाच्या पाठीवर सकाळी दहाच्या सुमाराला हेच तीन उजेड पडतात. कुंडल-पलूसच्या चित्रकलेच्या पोरांनी फोटोवरून चित्रं काढण्यापेक्षा तिथे बसावं, आणि काळ्या रंगाची ट्यूब घरीच ठेवावी.