तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही

पाळी जाऊन पाच-सात वर्षं झालेल्या बाईच्या अंगावरून रक्त जातं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसतं. डॉक्टर तुकडा तपासायला सांगतात आणि घरातलं कुणीतरी ठामपणे म्हणतं, “हात लावू नका, चाकू लागला की कॅन्सर पसरतो.” शिकल्यासवरल्या घरांतही हे ऐकावं लागतं, आणि त्यापायी तपासणी महिनोन्‌महिने लांबते.

गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरला पसरायला चाकू लागत नाही. तो अस्तरातून गर्भाशयाच्या स्नायूत शिरतो, खाली गर्भाशयमुखाकडे सरकतो, लसिकाग्रंथींत पोहोचतो, बीजनलिकांवाटे पोटात उतरतो, रक्तातून फुप्फुसात जातो. तुकडा काढला नाही, तरी या वाटा खुल्याच असतात. शिवाय बहुतेक वेळा हा तुकडा बारीक नळीने, ओपीडीतच घेतात. त्यात चाकू कुठे आला?

गर्भाशयात दुर्बीण घालून करायच्या तपासणीबद्दलची शंका मात्र रास्त आहे. गर्भाशयात सोडलेल्या पाण्याच्या दाबाने काही पेशी पोटात जाऊ शकतात. काही अभ्यासांत तसं आढळलंही आहे. पण त्यामुळे रुग्णांचं आयुष्य घटतं, असं सिद्ध झालेलं नाही. पेशी सापडणं वेगळं, त्या रुजणं वेगळं. ‘फिगो’ या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेच्या 1988च्या वर्गीकरणात पोटातल्या पाण्यात अशा पेशी दिसल्या की स्टेज वाढायची. 2009मध्ये हा निकष काढून टाकण्यात आला.

दुर्बिणीच्या ऑपरेशनने रोग पसरतो, ही भीतीही तशीच. 760 स्त्रियांवरच्या, 2017मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लेस’ चाचणीत साडेचार वर्षांनंतर रोगमुक्त राहण्याचं प्रमाण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत 81.3 टक्के, तर दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत 81.6 टक्के होतं.

खरा धोका आहे तो गर्भपिशवीचे पोटातच यंत्राने तुकडे करण्यात. अमेरिकेच्या एफडीएने 2014मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला. म्हणूनच कॅन्सरची शंका असेल तर पिशवी अखंड काढतात.

“पण ऑपरेशननंतरच पसरला ना!” नाही हो. बहुतेक वेळा स्कॅनमध्ये न दिसलेला, आधीच पसरलेला रोग ऑपरेशनमध्ये सापडतो. शोधणाऱ्याला दोष देऊ नका.

आणखी काही गैरसमज:

“पाळी गेल्यावर थोडं रक्त जातंच.” नाही. 2018च्या एका मोठ्या आढाव्यात अशा स्त्रियांपैकी सुमारे 9 टक्के जणींना हा कॅन्सर निघाला. थेंबभर रक्त दिसलं तरी तपासायलाच हवं.

“पॅप नॉर्मल आहे, मग पिशवी ठीक.” पॅप ही चाचणी गर्भाशयमुखासाठी असते, अस्तराचा कॅन्सर तिच्यात सहज निसटतो.

“स्टेज एक, म्हणजे सगळ्यांचं सारखंच.” पीओएलई जनुकातला बदल असलेल्या गाठींचं भवितव्य फार चांगलं असतं, पी53 बिघडलेल्या गाठी आक्रमक असतात. म्हणूनच 2023पासून फिगोच्या वर्गीकरणात या बदलांच्या चाचण्यांना स्थान आहे.

“पिशवीचा कॅन्सर म्हणजे संपलं.” अमेरिकेतल्या नोंदींनुसार रोग गर्भाशयापुरता असेल तर पाच वर्षांचं जीवितप्रमाण सुमारे 95 टक्के, दूरवर पसरला असेल तर 20 टक्क्यांहून कमी.

तेव्हा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. त्यांनी तुकडा तपासायला सांगितला, तर तो काढू द्या.