भूमिका बहिऱ्याची, अट कुणाची?

मार्च २०२२ मध्ये ऑस्कर घेताना कर्णबधिर नट ट्रॉय कॉट्सुर भाषणाला उभा राहिला, तेव्हा त्याची ऑस्करची बाहुली कोरियन अभिनेत्री युन यो-जंग हिने स्वतःच्या हातात धरून ठेवली होती. त्याला खुणांच्या भाषेत बोलायला दोन्ही हात मोकळे हवे होते. 'कोडा' या चित्रपटामुळे जगाला तो 'सापडला' खरा, पण रंगभूमीवर तो कितीतरी वर्षं होता. ही कर्णबधिर नटमंडळी नाटकात घडतात आणि पडद्याला ती फार उशिरा दिसतात.

कर्णबधिरांच्या नाटकाचं मोठं घर म्हणजे १९६७ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात उभी राहिलेली 'नॅशनल थिएटर ऑफ द डेफ'. ब्रॉडवेचा नेपथ्यकार डेव्हिड हेज हा तिचा संस्थापक. त्याच्या जोडीला मार्सेल मार्सोकडे मूकाभिनय शिकलेला कर्णबधिर नट बर्नार्ड ब्रॅग होता. एनबीसी वाहिनीने या मंडळींवर कार्यक्रम दाखवायचं ठरवलं, तर अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलच्या नावाने चालणाऱ्या संस्थेने विरोधाची तार ठोकली! १८८० च्या मिलानमधल्या कर्णबधिर-शिक्षण परिषदेपासून बहिऱ्या मुलांना ओठ वाचून बोलायलाच शिकवावं, हा आग्रह शाळांत मुरला होता. टीव्हीवर खुणा दिसल्या तर त्या शिकवणीचं काय, ही धास्ती.

याच मंडळीतली फिलिस फ्रेलिक. कर्णबधिर आईबापांची मुलगी, नऊ भावंडांत थोरली. बहिऱ्या नटीला कामं कुठे आहेत, असं तिने नाटककार मार्क मेडॉफला ऐकवलं. त्याने तिच्यासाठी 'चिल्ड्रन ऑफ अ लेसर गॉड' लिहिलं आणि नाटकातल्या कर्णबधिर भूमिका कर्णबधिर नटांनाच द्याव्यात, अशी अटही घातली. १९८० साली फ्रेलिकला टोनी मिळालं. १९८६ च्या चित्रपटात तीच भूमिका मार्ली मॅटलिनने केली आणि एकविसाव्या वर्षी ती ऑस्करची सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली. नाटककाराची ती अट मला त्या दोन्ही पारितोषिकांपेक्षा मोठी वाटते.

टीव्हीवरही अटीनेच काम झालं. 'लव्ह इज नेव्हर सायलेंट' (१९८५) या टीव्हीपटासाठी नाव असलेले ऐकू येणारे तारे घ्या, असा दबाव होता. कर्णबधिर निर्माती ज्युलियाना फेल्ड बधली नाही. फ्रेलिक आणि एड वॉटरस्ट्रीट यांनी कर्णबधिर आईबाप रंगवले, टीव्हीपटाला एमी मिळालं. वॉटरस्ट्रीटची बायको लिंडा बोव्ह तर 'सेसमी स्ट्रीट'वर वर्षानुवर्षं ग्रंथपाल म्हणून मुलांशी खुणांनी बोलत होती.

पुढे १९९१ मध्ये वॉटरस्ट्रीटने लॉस एंजेलिसमध्ये 'डेफ वेस्ट थिएटर' काढलं. त्यांचं, मार्क ट्वेनच्या 'हकलबेरी फिन'वरचं 'बिग रिव्हर' २००३ मध्ये ब्रॉडवेवर आलं. संगीत नाटक, आणि तेही बहिऱ्यांचं! हकची भूमिका टायरोन जिओर्डानो हातांनी करी, आवाज मात्र मार्क ट्वेनच्या वेशातल्या डॅनियल जेंकिन्सचा. गंमत अशी, की १९८५ च्या मूळ प्रयोगात हक होता तो हाच जेंकिन्स. हकच्या दारुड्या बापाची भूमिका तर दोन नटांनी मिळून केली, एक बोलणारा आणि एक खुणांचा. त्यातला खुणांचा बाप म्हणजे आपला कॉट्सुर. एका गाण्यात मध्येच वाद्यं आणि आवाज थांबत, पण सगळ्यांचे हात गातच राहत. बहिऱ्या नटाला सूर ऐकू येत नाही, मग वेळ कशी साधायची? प्रकाशातला बदल, सहनटाचा स्पर्श, नजर, आणि तालमीत मोजून पक्की केलेली लय. आवाज देणाऱ्यालाही समोरच्याच्या हातांचा श्वास ओळखावा लागतो.

तरी २०२१ च्या 'कोडा'च्या वेळीही कर्णबधिर बापाच्या भूमिकेसाठी पैसेवाल्यांना ऐकू येणाराच नट हवा होता. तसं झालं तर मी निघाले, असं त्यात आईची भूमिका करणाऱ्या मॅटलिनने बजावलं. म्हणून कॉट्सुर.

आपल्याकडे कर्णबधिरांच्या भूमिकांत 'कोशिश'मध्ये संजीव कुमार आणि जया भादुरी, 'खामोशी'त नाना पाटेकर आणि सीमा बिस्वास. कामं उत्तम, वाद नाही. पण चौघंही ऐकू येणारे नट, आणि अशी अट कुणी घातल्याचं आठवत नाही. तिकडे तमिळमध्ये २००९ साली 'नाडोडिगळ'मध्ये अभिनया ही ऐकू-बोलू न शकणारी मुलगी पडद्यावर आली. भूमिका मात्र बोलणाऱ्या मुलीची होती.