कौल लावण्यापूर्वी

गोमंतकातील देवळांत देवाला कौल लावण्याची रीत फार जुनी आहे. मूर्तीच्या अंगावर पाकळ्या वा पाने लावतात, गाऱ्हाणे घालतात आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी पडते याची वाट पाहतात. या रीतीवर श्रद्धा असणाऱ्यांनी व नसणाऱ्यांनीही तिच्यातील एक शहाणपण मान्य केले पाहिजे. उजवी पाकळी पडली तर अर्थ काय आणि डावी पडली तर अर्थ काय, हे पाकळी लावण्यापूर्वीच ठरलेले असते. पाकळी पडल्यावर अर्थाची घासाघीस सुरू झाली, तर त्याला कौल म्हणता येणार नाही.

हे साधे शहाणपण आमच्या चित्रपटरसिकांनी अंगी बाणवावे, असे सुचविण्याचा आज आमचा हेतू आहे. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरू लागला आणि गोव्यात चित्रपट पाहणाऱ्यांबरोबर चित्रपटांविषयी भांडणाऱ्यांचीही संख्या वाढली. महोत्सवाचा मंडप उतरतो, पण वेड उतरत नाही. मग कोठे महाविद्यालयात, कोठे वाचनालयात, कोठे रसिक मंडळात ‘आपले आवडते चित्रपट’ निवडण्यासाठी मतदान घेण्याची टूम निघते. ती स्वागतार्हच आहे. ज्या भूमीत १९६१ पर्यंत मत छापण्यापूर्वी सेन्सॉरची परवानगी लागत असे, त्या भूमीत मते कशी मोजावीत यावर लोकांनी हिरिरीने वाद घालावा, ही समाधानाची गोष्ट होय. खेद एवढाच, की हा वाद बहुधा निकाल लागल्यानंतर सुरू होतो. अमुक चित्रपट या वर्षाचा नव्हताच, तमुक हा मुळी चित्रपटच नव्हे, अमक्याने वीस चिठ्ठ्या टाकल्या, अशी कुजबूज होते आणि निकालावर कोणाचाच विश्वास उरत नाही.

पहिला प्रश्न वरकरणी बालिश वाटेल : चित्रपट म्हणजे काय? परंतु ऑस्कर पारितोषिके देणाऱ्या अमेरिकन अकादमीलाही तो सहज सुटलेला नाही. ‘ओ. जे. : मेड इन अमेरिका’ ही पावणेआठ तासांची कृती दूरचित्रवाणीसाठी अनेक भागांत तयार झाली होती. नियमाची पूर्तता करण्याकरिता ती काही दिवस चित्रगृहांतही दाखविण्यात आली, आणि २०१७ मध्ये तिला उत्कृष्ट माहितीपटाचे पारितोषिक मिळाले. त्यानंतर अकादमीने नियम बदलला व बहुभागी मालिकांना त्या विभागाचे दार बंद केले. यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की नवा नियम पुढच्या वर्षापासून लागू झाला. दिलेले पारितोषिक कोणी परत मागितले नाही. नियम सदोष असू शकतो, आणि तो सुधारावाही. पण चालू डावात पट उलथून टाकणे हा सुधारणेचा मार्ग नव्हे.

दुसरा प्रश्न वर्षाचा. चार्ली चॅप्लिनचा ‘लाइमलाइट’ १९५२ मध्ये पडद्यावर आला, पण त्याच्या संगीताला ऑस्कर मिळाले ते १९७३ मध्ये. कारण लॉस एंजेलिसमध्ये तो १९७२ पर्यंत रीतसर प्रदर्शितच झाला नव्हता, आणि तेथील प्रदर्शन ही पात्रतेची अट होती. चॅप्लिनबरोबर ज्या दोघा सहकाऱ्यांना हा मान मिळाला, ते तोवर हयात नव्हते. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारांसाठी सेन्सॉरच्या प्रमाणपत्राचे वर्ष धरतात. म्हणून संदीप सावंत यांचा ‘श्वास’ प्रेक्षकांनी २००४ मध्ये पाहिला, तरी तो सर्वोत्कृष्ट ठरला २००३ सालच्या पुरस्कारांत. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला गौरविला गेला, त्याच सालचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याने मिळविला. मात्र भारतीय चित्रगृहांत तो आला एप्रिल २०१५ मध्ये. मग आमच्या रसिकाने ‘कोर्ट’ला मत द्यायचे कोणत्या साली? दोन्ही उत्तरांना आधार आहे. आधार नाही तो उत्तर न ठरविताच मत मागण्याला.

आमच्या मते गोव्यापुरता सरळ नियम असा असावा : सामान्य माणसाला तिकीट काढून वा अन्य उघड मार्गाने चित्रपट येथे प्रथम ज्या वर्षी पाहता आला, ते त्याचे वर्ष. यात ‘चित्रगृह’ हा शब्द आम्ही हेतुपुरस्सर टाळला आहे. कितीतरी कोंकणी चित्रपट चित्रगृहांच्या वाट्याला न जाता गावोगावच्या सभागृहांत तिकीट लावून दाखविले जातात. ‘चित्रगृहात किमान एक आठवडा’ असा एखादा शिष्ट नियम कोठून तरी उचलून आणला, तर हे चित्रपट एका ओळीने स्पर्धेबाहेर जातील, आणि ती ओळ लिहिणाऱ्याला त्याची गंधवार्ताही नसेल. नियमातील अन्याय असा मुकाट्याने घडतो. ज्याच्यावर तो होतो, त्याचे नाव यादीत कधी येतच नाही; मग ते का नाही, हे विचारणार कोण?

तिसरा प्रश्न, एक चित्रपट की दोन? ब्रिटनमधील ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेते. २००२ मध्ये ‘गॉडफादर’ व त्याचा दुसरा भाग यांची मते एकत्र मोजली गेली आणि ही जोडी चौथ्या क्रमांकावर आली. २०१२ मध्ये दोहोंची मते वेगळी मोजली आणि दोन्ही भाग पहिल्या दहांतून बाहेर पडले. हा काही एकट्या दहा वर्षांत पालटलेल्या अभिरुचीचा परिणाम नव्हता. बेरजेची रीत पालटली होती. सत्यजित राय यांचे ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ एक धरावेत की तीन, हा प्रश्न याच जातीचा. मराठी रसिकाला तर तो घरचाच आहे. प्रभातचा ‘कुंकू’ हिंदीत ‘दुनिया न माने’ झाला, ‘माणूस’चा ‘आदमी’ झाला, ‘शेजारी’चा ‘पडोसी’. ‘शेजारी’त केशवराव दाते होते, ‘पडोसी’त मझहर खान आले. दिग्दर्शक तोच, कथा तीच, तरी नट निराळा आणि भाषा निराळी. गोव्याचे उदाहरण हवे, तर १९६६ चा कोंकणी ‘निर्मोण’ व त्यावरून १९६७ मध्ये निघालेला हिंदी ‘तकदीर’ घ्या. ज्या कृतीचे चित्रीकरण स्वतंत्रपणे झाले तो स्वतंत्र चित्रपट, आणि केवळ आवाज बदलून दुसऱ्या भाषेत आणलेला तो मूळचाच चित्रपट, असा भेद केल्यास बहुतेक गुंते सुटतात.

भाषेचा प्रश्न आमच्याकडे नाजूक आहे, हे वाचकांना सांगावयास नको. त्यावर उपाय शीर्षकाच्या प्रामाणिकपणात आहे. ‘गोमंतकीय रसिकांचे आवडते चित्रपट’ असे नाव दिले, तर रसिकाने कोणत्याही भाषेतील चित्रपटाचे नाव लिहावे. हिंदी वा इंग्रजी चित्रपट वर आले म्हणून मग हळहळू नये. ‘आवडते कोंकणी व मराठी चित्रपट’ निवडायचे असतील, तर शीर्षकातच तसे म्हणावे. नाव सर्वांचे आणि दार काहींनाच, हा प्रकार तेवढा नको.

आता मतदारांकडे वळू. कौल कोणाचा घ्यायचा हे ठरले, की अर्धा निकाल ठरतो. ‘साइट अँड साउंड’ने २०१२ मध्ये ८४६ जणांची मते घेतली, २०२२ मध्ये १,६०० हून अधिक जणांना सामावून घेतले. त्या वर्षी शांताल आकेरमान यांचा ‘जान दिएलमान’ पहिला आला, जो दहा वर्षांपूर्वी पहिल्या तिसांतही नव्हता. काहींनी यावर तक्रार केली. आम्हांला तीत फारसे तथ्य दिसत नाही. मतदारवर्ग वाढविला होता, आणि तो चोरून वाढविलेला नव्हता. मात्र दोन यादींची तुलना करणाऱ्याने एवढे स्मरावे, की हे एकाच सभेचे दोन निर्णय नसून दोन सभांचे दोन निर्णय आहेत.

मतदार कोण, या प्रश्नाचे मोल गोमंतकीयाइतके कोणाला कळावे? १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलापूर्वी गोव्याबाहेर राहणाऱ्या गोमंतकीयांना मत असावे अशी मागणी झाली होती. ती मान्य झाली नाही. कौल निःपक्षपाती वातावरणात व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने आधी राजीनामा दिला. विलीनीकरणाविरुद्ध १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. त्या निकालाने कोणाचा विजय झाला आणि कोणाचे स्वप्न भंगले, हा आजचा विषय नाही. परंतु इतका जिव्हाळ्याचा प्रश्न अखेर मतपेटीने मिटला. याचे एक कारण असे, की कोण मत देणार, प्रश्न काय असणार आणि उत्तराचा अर्थ काय होणार, हे पेटी उघडण्यापूर्वी कायद्याने ठरलेले होते. हरलेल्यांना दुःख झाले, तरी ‘हा कौलच नव्हे’ असे म्हणण्यास जागा उरली नाही. चित्रपटांच्या मतदानाची त्या प्रसंगाशी बरोबरी करावी असे आम्ही म्हणणार नाही. मोठ्या प्रसंगी जी रीत उपयोगी पडते, ती लहान प्रसंगी गिरविता यावी, एवढेच आमचे म्हणणे.

रसिकांच्या कौलाला आणखी एक जुनी व्याधी आहे, ती भक्तांच्या झुंडीची. इंटरनेटवरील ‘आयएमडीबी’च्या यादीत २००८ मध्ये ‘द डार्क नाइट’ झळकला, तेव्हा त्याच्या चाहत्यांनी आपल्या चित्रपटाला दहापैकी दहा गुण दिलेच, वर पहिल्या स्थानावरील ‘गॉडफादर’ला एकेक गुण देऊन खाली ओढण्याचा उद्योग काहींनी केला. आवडत्याला मत देणे हा हक्क आहे. नावडत्याला पाडण्याचे हत्यार मतदाराच्या हाती देणे हा नियमाचा दोष आहे. यास्तव गुण मागू नयेत, नावे मागावीत. ‘साइट अँड साउंड’च्या कौलात प्रत्येकाने दहा नावे द्यावयाची असतात व प्रत्येक नावाला सारखेच मत मिळते. आमच्या मंडळांना पाच नावे पुरेत. एकच नाव मागितले, की मतदान नटांच्या भक्तांचे युद्ध होते आणि दोन चांगल्या चित्रपटांत मते विभागून तिसराच वर येतो. पाच नावे लिहिताना माणूस थोडा थांबतो, आठवतो, आणि त्याची खरी आवड कागदावर उतरते.

दुसरी अट अशी असावी, की पाहिलेल्याच चित्रपटाला मत द्यावे. हे सांगावे लागू नये, पण लागते. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’चा आपण सारे अभिमान बाळगतो; परंतु त्याच्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचेच आज उपलब्ध आहे. आदर निराळा आणि आवड निराळी. आदरासाठी पुतळे आहेत. मत आवडीला द्यावे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. केवळ मते मोजली, तर ज्या चित्रपटाला पडदे अधिक, तोच जिंकणार. मग लक्ष्मीकांत शेटगावकर यांच्या ‘पलतडचो मनीस’सारख्या, टोरँटोत गौरविल्या गेलेल्या परंतु फार थोड्यांनी पाहिलेल्या चित्रपटाला न्याय कसा मिळावा? त्यासाठी राखीव जागा ठेवाव्यात किंवा परीक्षकांनी हळूच पारडे हलवावे, असे काहीजण सुचवितात. हा मार्ग आम्हांला पसंत नाही. प्रेक्षकांचा कौल म्हणून जाहीर करायचे आणि पडद्याआडून परीक्षकांचा निर्णय द्यायचा, ही प्रतारणा होय. त्यापेक्षा मतदानाच्या आधी महिनाभर हे चित्रपट वाचनालयात, शाळेच्या सभागृहात, देवळाच्या मंडपात परवानगी घेऊन दाखवा. मत वाकवू नका, दृष्टी वाढवा. ज्या कौलामुळे शंभर माणसांनी न पाहिलेला एक चांगला चित्रपट पाहिला, तो कौल निकाल लागण्यापूर्वीच सफल झाला.

हे नियम ठरवावेत कोणी आणि कसे? आयोजकांनी चार भिन्न आवडींची माणसे एकत्र बसवावीत. चर्चेत कोणत्याही चालू चित्रपटाचे नाव घेऊ नये. आपल्या लाडक्याला नियम लाभेल की बाधेल, याचा हिशेब करीत जो नियम करतो, तो नियम करीतच नाही, तो प्रचार करतो. ठरले ते एका पानावर लिहावे आणि मतपत्रिकेसोबत छापावे. एखाद्या चित्रपटाच्या पात्रतेविषयी शंका राहिल्यास तो आत घ्यावा. मतदार त्याला नाकारू शकतात, पण बाहेर ठेवलेल्याला निवडू शकत नाहीत. निर्मात्यांनी व त्यांच्या आप्तेष्टांनी मोजणीपासून दूर राहावे. निकालाबरोबर एकूण मतदार किती व कोणाला किती मते, हे आकडे जाहीर करावेत. आणि नियम चुकला असे दिसले, तर तो पुढील वर्षी बदलावा, या वर्षी पाळावा.

एवढा खटाटोप एका करमणुकीसाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे, की लोकशाहीत जिंकणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. हरणाऱ्याला निकाल मान्य करावयास शिकावे लागते. तो धडा विधानसभेच्या निवडणुकीत प्रथमच गिरवावयाचा झाला, तर फार महागात पडतो. आपला आवडता चित्रपट सातव्या क्रमांकावर गेला तरी ज्याने नियम आधी वाचले होते, मान्य केले होते, तो तरुण चार घटका चरफडेल आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाच नावे लिहावयास येईल. असे तरुण गावागावांत निपजावेत, यासाठी एक पान नियम लिहिण्याचे कष्ट काही जास्त नाहीत.