संगणक बंद पडला तरी दूध संस्थेचा हिशेब कसा सांभाळावा?

अनेक गावांतील दूध संस्थांत आता इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, फॅट तपासणी यंत्र व संगणक एकमेकांना जोडलेले असतात. दूध ओतले की वजन, फॅट, एस.एन.एफ. व दर छापलेली चिठ्ठी हातात पडते. सोय मोठी आहे. परंतु यातील एखादे यंत्र बंद पडले की सारे काम अडते. दूध मात्र थांबत नाही. धार वेळेवर काढावीच लागते.

समजा, संस्थेत २०० उत्पादक दोन्ही वेळ दूध घालतात. दहा दिवसांच्या बिलासाठी ४,००० नोंदी होतात. वळवाच्या रात्री वीज पडून संगणकाची हार्ड डिस्क जळाली, तर नवा संगणक दोन-तीन दिवसांत आणता येतो. गेलेल्या नोंदी मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. शिवाय दिवाळीला दूध फरक वाटायचा असेल तर वर्षभराच्या दुधाचा हिशेब लागतो. म्हणून नोंदींची काळजी यंत्रापेक्षा अधिक घ्यावी.

नोंदींची प्रत

रोज सायंकाळचे संकलन संपल्यावर नोंदींची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. त्यासाठी दोन पेन ड्राइव्ह ठेवून ते आलटून-पालटून वापरावेत. प्रत घेतल्यावर पेन ड्राइव्ह काढून सचिवाने घरी न्यावा. केंद्रातच ठेवल्यास आग, चोरी वा पुरात संगणकाबरोबर प्रतही जाते. तो संगणकाला लावून ठेवणे तर त्याहून धोक्याचे. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे प्रोग्रॅम जोडलेल्या पेन ड्राइव्हवरील नोंदीही निकामी करतात.

२७ जून २०१७ रोजी मर्स्क या जहाज कंपनीवर असाच प्रसंग आला. न्हावा-शेवा बंदरातील त्यांच्या गटाच्या टर्मिनलचे कामही विस्कळीत झाले. खंडणी मागणारा वाटणारा तो प्रोग्रॅम प्रत्यक्षात सारे पुसून टाकणारा होता. कंपनीच्या जाळ्याची किल्ली म्हणावी अशी माहिती अनेक सर्व्हरवर होती. पण ते सर्व एकमेकांना जोडलेले असल्याने एकाच वेळी गेले. वाचला तो घाना देशातील एक. तेथे त्या वेळी वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्याच्या आधारे पुढे सुमारे ४५,००० संगणक दहा दिवसांत पुन्हा उभे केले गेले. आपल्याकडे वीज जाण्याचा असा उपयोग कोणी केला नसेल. पण सुटी ठेवलेली प्रतच कामी येते, हे यावरून ध्यानात यावे.

तुमच्या नोंदी इंटरनेटवरून सॉफ्टवेअर पुरवठादाराकडे साठत असल्या, तरी आपली स्वतंत्र प्रत मागून घ्यावी.

प्रत उघडून पाहावी

बहुतेक संस्था येथे चुकतात. प्रत रोज घेतली जाते, पण ती कधी उघडलीच जात नाही. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या संगणकावर सॉफ्टवेअर टाकून ती प्रत चढवावी. कोणत्याही पाच सभासदांची दहा दिवसांची बेरीज काढून त्यांच्या चिठ्ठ्यांशी ताडून पाहावी. जुळली तरच ती प्रत खरी. या कामास किती वेळ लागला तेही लिहून ठेवावे. सॉफ्टवेअरची मूळ प्रत, पासवर्ड आणि दुरुस्ती करणाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक बंद पाकिटात अध्यक्षांकडे असावा. संगणक चालविणारा एकच मुलगा असतो आणि तो नेमका लग्नाला गेलेला असतो, हा अनुभव नवा नाही.

बंद काळातील संकलन

केंद्रात कार्बन लावून लिहिण्याचे चिठ्ठी-पुस्तक, सभासद क्रमांकांची यादी आणि चालू दरतक्ता छापून ठेवावा. दर बदलला की जुना तक्ता फाडून टाकावा. काटा बंद असल्यास मापाने दूध घेता येते. मात्र नोंदीत 'लिटर' की 'किलो' हे स्पष्ट लिहावे. एक लिटर दुधाचे वजन सुमारे १.०३ किलो भरते. हा फरक लहान दिसतो, पण शंभर लिटरमागे तीन किलो होतो.

फॅट यंत्र बंद असेल तर गर्बर पद्धत वापरावी. हाताने फिरवायचे सेंट्रिफ्यूज असल्यास त्याला वीज लागत नाही. ब्यूटिरोमीटर, गंधकाम्ल व अमाइल अल्कोहोल तयार असावे, आणि ही तपासणी किमान दोघांना यावी. प्रथम आम्ल, मग नळीच्या कडेने सावकाश दूध, हा क्रम मोडू नये. लगेच तपासणी शक्य नसल्यास दूध नीट ढवळून नमुना घ्यावा व सभासद क्रमांक घालून थंड ठेवावा.

विजेपासून बचाव

यू.पी.एस. असला म्हणजे विजेचे भय नाही, असा समज आहे. वीज जवळ पडल्यास तो पुरा पडत नाही. अर्थिंग तपासून घ्यावे. गडगडाट सुरू होण्यापूर्वीच प्लग काढावेत. इंटरनेटची तांब्याची तारही सोडवावी, कारण दाब तिच्यातूनही येतो.

बँकेचाही विचार व्हावा. ३१ जुलै २०२४ रोजी एका सेवा पुरवठादार कंपनीवरील हल्ल्यामुळे देशातील सुमारे ३०० लहान बँकांचे यू.पी.आय.सारखे व्यवहार थांबले आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत झाले. बिलाची यादी शेवटच्या दिवशी न पाठवता एक-दोन दिवस आधी पाठविलेली बरी.

संगणक सुरू झाल्यावर कागदावरील नोंदी दोघांनी मिळून चढवाव्यात. एकाने वाचावे, दुसऱ्याने टंकावे. प्रत्येक वेळेची एकूण बेरीज टँकरच्या पावतीशी पडताळावी. चिठ्ठी-पुस्तके वार्षिक लेखापरीक्षण होईपर्यंत जपून ठेवावीत.